नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये बसच्या फेऱ्या कुठायत?

पत्र असं आहे (थोडं लहान केलंय):

"ताई, मी ३५ वर्षांची. घरात नवरा, सहा वर्षांची मुलगी, सासूबाई. मोठ्या शहरात भाड्याने राहतो, दोघांच्या पगारातला जवळजवळ निम्मा भाड्यातच जातो. नवऱ्याचं काम आता पूर्ण घरून असतं म्हणून त्याने लांबचं एक छोटं शहर शोधलंय. भाडं निम्म्याहून कमी, घरं स्वस्त, टॅक्स कमी. पाच वर्षांत किती वाचेल त्याची एक्सेल शीट तयार आहे. मी तिथल्या बातम्या वाचल्या तर लायब्ररी बंद केलीये, बसच्या फेऱ्या कमी केल्यात आणि मागची निवडणूक 'बाहेरचे येऊन भाव वाढवतायत' याच मुद्द्यावर झाली. मला जायला नको वाटतंय. नवरा म्हणतो राजकारण बघून कोणी घर बदलतं का, तू बातम्या वाचणं बंद कर. मी उगाच घाबरतेय का? – गोंधळलेली"

अगं गोंधळलेली,

आधी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलते, म्हणजे नंतर त्याला असं वाटायला नको की ताईने ऐकूनच घेतलं नाही. तो म्हणतो ते बरंचसं खरं आहे, राजकारण बघून बिऱ्हाड हलवणारे लोक थोडेच असतात. अमेरिकेचं जनगणना खातं दरवर्षी लोकांना विचारतं की बाबा घर का बदललंस, तर उत्तरात वर काय येतं, घर, कुटुंब आणि नोकरी. मोठं घर हवं होतं, स्वस्त हवं होतं, लग्न झालं, बदली झाली. 'तिथला महापौर आवडला नाही' असं लिहिणारा विरळाच.

पण मग पुढचा प्रश्न विचार ना त्याला, की ते घर स्वस्त कोणी केलं? आणि आत्ता राहताय ते महाग कोणी केलं?

कारण भाडं काही आभाळातून पडत नाही. ज्या शहरात लोकांना यायचंय तिथे नवीन घरं बांधायला किती परवानगी मिळते यावर बरंच काही ठरतं, आणि ती परवानगी कोणीतरी खुर्चीत बसून देतं किंवा अडवून धरतं. टोकियो बघ, एवढं अवाढव्य शहर, पण कुठे काय बांधता येईल याचे मुख्य नियम तिथे देशपातळीवरच्या कायद्याने ठरतात, नियमात बसत असेल तर बांधा, शेजाऱ्यांना आवडो न आवडो. त्यामुळे घरं होत राहिली आणि भाडी इतर मोठ्या शहरांसारखी हाताबाहेर गेली नाहीत. उलट सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नियमात बसणाऱ्या इमारतीलाही कोणी शेजारी हरकत घेऊन वर्षानुवर्षं लटकवू शकत होता. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये राहण्याच्या जागेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भागात जास्त दाट बांधकामाला परवानगी दिली आणि पुढची काही वर्षं तिथे नवीन घरं धडाधड बांधली गेली. म्हणजे तू ज्याला 'राजकारण' म्हणतेयस आणि तो ज्याला 'खर्च' म्हणतोय ते एकच आहे गं, फक्त मधे दहा-वीस वर्षं गेलेली असतात. त्याच्या शीटमध्ये कालचं राजकारण आहे आणि तू ज्या बातम्या वाचतेयस त्यात उद्याची शीट आहे. (हे वाक्य त्याला वाचून दाखवू नकोस, पुरुषांना असं काही वाचून दाखवलं की ते अजून दोन रकाने वाढवतात.)

१९५६ मध्ये चार्ल्स टिबू नावाच्या एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने यावर पेपर लिहिला होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. वेगवेगळी गावं वेगवेगळे टॅक्स घेतात, वेगवेगळ्या सोयी देतात, आणि माणसं आपल्याला जमेल त्या गावात राहायला जातात, म्हणजे जणू पायांनी मतदान करतात. एकदम पटतं ना? पण त्या पेपरात त्याने काय काय गृहीत धरलंय ते वाचलं तर हसू येतं. माणसं कुठेही सहज हलू शकतात, सगळ्या गावांची त्यांना पूर्ण माहिती आहे, आणि नोकरीची अडचण नाहीच कारण सगळे जण शेअरच्या डिव्हिडंडवर जगतायत असं समजा! आता मला सांग तुमच्या घरात हे कोणाला लागू पडतं? नवऱ्याला, जवळजवळ. लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. तुला नाही, मुलीला नाही आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. ती शीट टिबूच्या माणसाने केलीये आणि हलणार आहेत चार माणसं, त्यातली तीन त्या माणसासारखी नाहीत.

म्हणून आज रात्री पहिलं काम, त्या शीटमध्ये तुझा पगार कुठे आहे ते बघ. तू पत्रात 'दोघांच्या पगारातला' लिहिलंयस पण घरून काम फक्त त्याचं आहे, तुझं नाही. मला अशी बरीच पत्रं येतात आणि त्या शीटमध्ये बायकोचा पगार एकतर जसाच्या तसा पुढे चालू ठेवलेला असतो, जणू काही ती ट्रकमधून नोकरीपण घेऊन जाणारे, किंवा 'मिळेल काहीतरी' म्हणून एक गोल आकडा. छोट्या गावात तुझ्या कामाची एखादीच जागा असू शकते, ती भरलेली असली की झालं. एक-दीड वर्षं तुझा पगार नसेल तर पाच वर्षांची बचत किती उरते हे त्याने मांडू दे. आणि हो, 'पूर्ण घरून' हे त्याच्या कंपनीने ठरवलंय, तीच कंपनी उद्या मेल टाकून आठवड्यातून तीन दिवस या म्हणू शकते. त्या दिवशी ते लांबचं गाव किती लांब आहे हे कळतं.

आता टॅक्स कमी या प्रकाराबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

टॅक्स कमी असणारं गाव शक्यतो दुसऱ्या कुठल्यातरी खिशातून काढतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा टॅक्स नाही, लोक उड्या मारत गेले, पण घरपट्टी तिथे चांगली दणकट आहे आणि ती दरवर्षी येते, तुझी नोकरी असो वा नसो. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन ही दोन शेजारची राज्यं तर मजेशीर आहेत. ऑरेगॉनमध्ये खरेदीवर टॅक्स नाही पण पगारावर आहे, वॉशिंग्टनमध्ये पगारावर नाही पण खरेदीवर आहे. मधे नदी, एका बाजूला पोर्टलंड आणि दुसऱ्या बाजूला व्हॅंकुव्हर (कॅनडातलं नाही, दुसरं). मग डोकेबाज माणसं म्हणतात की आपण वॉशिंग्टनमध्ये राहू आणि खरेदीला पूल ओलांडून जाऊ, दोन्ही टॅक्स वाचले! पण त्यातला जो पूल ओलांडून ऑरेगॉनमध्ये नोकरीला जातो त्याला तिथल्या कमाईवर ऑरेगॉनचा पगारावरचा टॅक्स भरावाच लागतो. शीट करणारा खूप हुशार असतो गं, पण शीट करणाऱ्यांना ओळखून असणारे लोक सरकारात बसलेले असतात.

दुसरं म्हणजे कमी टॅक्स घराच्या भावात आधीच मुरलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक प्रांताचा आणि त्याखाली प्रत्येक गावाचा दर वेगळा, त्सुग नावाचा प्रांत कमी टॅक्ससाठी प्रसिद्ध, आणि तिथली घरं? भयंकर महाग. कारण सगळ्यांनाच तिथे जायचंय. टॅक्समध्ये वाचलं ते घरमालकाला दिलं. म्हणजे 'टॅक्स कमी आणि घरपण स्वस्त' असं दोन्ही एकत्र दिसलं की आनंद व्हायच्या आधी विचारायचं, मग बाकीचे का येत नाहीयेत?

आणि तिसरं, कॅलिफोर्नियाचा किस्सा. १९७८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १३ नावाचा नियम आणला. घरपट्टीचा मूळ दर घराच्या ठरवलेल्या किमतीच्या एक टक्क्याहून जास्त नाही आणि ती किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढवायची, घर विकलं की मात्र नव्या बाजारभावाने. त्या वेळी घरपट्टी इतकी वाढत होती की म्हातारी माणसं घराबाहेर पडतील अशी भीती होती, त्यामुळे हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण झालं काय, की एकाच गल्लीत शेजारी शेजारी सारखी दोन घरं, एकात १९८० पासून राहणारे आजोबा आणि दुसऱ्यात गेल्या वर्षी आलेलं तुमच्यासारखं कुटुंब, रस्ता तोच, शाळा तीच, कचऱ्याची गाडी तीच, आणि नवीन कुटुंब आजोबांच्या कितीतरी पट घरपट्टी भरतंय. असे बरेच जुने मालक वर्षानुवर्षं हलले नाहीत कारण हललं की बहुतेकांची घरपट्टी उडी मारणार. घरं अडकली, बाजारात कमी आली, भाव अजून वाढले. १९७८ मध्ये मत दिलेल्यांपैकी बरेच जण आज हयातही नसतील आणि त्यांच्या मताची किंमत आत्ता जन्मलेली पोरं भरतायत. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची संसदेतली एक जागा कमी झाली, त्या राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि टेक्सासच्या दोन वाढल्या. माणसं हलली की सत्तासुद्धा त्यांच्या मागून हलते.

यातून तुझ्या कामाचं एवढंच, की त्या गावात घरपट्टी आजच्या मालकाला किती येते हे बघून उपयोग नाही, *तुम्ही* घेतल्यावर तुम्हाला किती येईल हे विचारायचं. हे दोन आकडे बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात.

बरं, आता स्वस्ताई. मी स्वस्त गावांचे मनात दोन ढीग करते. एक, जिथे घरं भरपूर बांधली म्हणून स्वस्त आहे, हे उत्तम, डोळे झाकून नाही पण आनंदाने जा. दुसरं, जिथे कोणीतरी बिल पुढे ढकललंय म्हणून आज स्वस्त वाटतंय. पाईप जुने आहेत पण बदलले नाहीत, पूल तपासला नाही, कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे पैसे बाजूला टाकले नाहीत. हे बिल कधीतरी फुटतं आणि तेव्हा गावात जो असेल तो भरतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आमचा हिशोब जुळत नाही, म्हणजे जवळपास दिवाळंच, आणि पुढच्याच वर्षी लोकांचा स्थानिक कर जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला, वर सोयींना कात्री. त्याच्या आदल्या वर्षी तिथे राहायला गेलेल्या माणसाच्या शीटमध्ये हे होतं का? आणि मिशिगनमधलं फ्लिंट तर आठवत असेल तुला, एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी नदीतून घ्यायला सुरुवात केली, पाईप गंजू नयेत म्हणून जे मिसळायचं ते मिसळलं नाही आणि शिसं लहान मुलांच्या पोटात गेलं. तेव्हा शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या एका आपत्कालीन मॅनेजरच्या हातात होता, निवडून दिलेल्या लोकांच्या नाही. घरं तिथे स्वस्तच होती.

मी तुला घाबरवत नाहीये हं. बहुतेक गावं फ्लिंट नसतात. पण लायब्ररी बंद आणि बस कमी या दोन बातम्या वाचून तुझ्या पोटात गोळा आला तो बरोबर जागी आला, कारण पैसे संपायला लागले की आधी बऱ्याचदा अशाच गोष्टी जातात, ज्यावर ओरडणारे कमी असतात. म्हातारी माणसं, पोरं, ज्यांच्याकडे गाडी नाही ते.

बसबद्दल माझं स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक घर घेतलं ते निव्वळ दारासमोरच्या बस स्टॉपमुळे, दर वीस मिनिटांनी बस, स्वस्त, मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नको. दीड वर्षात निवडणूक झाली, नवीन मंडळी आली, तो मार्ग 'तोट्यात' होता म्हणून बंद. स्टॉप तिथेच राहिला, त्यावर लोक कपडे वाळत घालायचे. मला गाडी घ्यावी लागली आणि हप्ते, पेट्रोल, इन्शुरन्स धरून जे घरात वाचवलं होतं ते सगळं गाडीत गेलं, वर थोडं अजून. आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या मार्गावर दोन वर्षं चर्चा चालू होती, बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

म्हणून तू बातम्या वाचणं बंद करू नकोस, उलट बातम्यांच्या पुढे जा. कुठला पक्ष आहे, कोण टीव्हीवर काय ओरडतंय हे सोड, त्याने तुझ्या नळाला येणारं पाणी बदलत नाही. त्या गावच्या नगरपालिकेच्या बैठकांचं मागच्या दोन वर्षांचं इतिवृत्त काढ, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन असतं, नसेल तर मागता येतं, आणि मागितल्यावर ते कसं देतात यावरूनच निम्मं गाव कळतं. कंटाळवाणं असतं हे आधीच सांगते. पण त्यात बघ की नवीन घरांचे अर्ज आले तेव्हा काय बोलले, पाण्याच्या पाईपचा विषय कितीदा निघाला आणि कितीदा पुढच्या बैठकीवर ढकलला, शाळेवर खर्च वाढतोय का घटतोय.

भाड्याने जाणार असाल तर भाडेकरूला संरक्षण काय आहे ते तारखेसकट बघ. तारखेसकट म्हणते कारण कॅनडातल्या ऑन्टॅरियोमध्ये वर्षाला भाडं किती वाढवायचं यावर मर्यादा आहे, पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती लागूच नाही. म्हणजे नवीकोरी छान बिल्डिंग बघून गेलात की वर्षाने मालक म्हणेल तो आकडा. आणि नियम करणाऱ्याला तो करायचा अधिकार आहे का हेही बघायचं, बर्लिनने २०२० मध्ये भाडी गोठवली, लोक खूश, एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की हा विषय शहर-राज्याच्या अखत्यारीतच नाही, कायदा रद्द, आणि बऱ्याच भाडेकरूंना मधल्या महिन्यांचा फरक परत द्यावा लागला. खर्च करून टाकलेले पैसे परत द्यायचे, विचार कर.

आता 'बाहेरचे' या विषयावर येते, तुला खरी बोच याचीच आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. तर एक कडू गोष्ट सांगू? ते लोक खोटं बोलत नाहीयेत. मोठ्या शहराचा पगार घेऊन तुम्ही छोट्या गावात घर शोधणार, तिथल्या माणसाला जे भाडं डोईजड आहे ते तुम्हाला 'अरे वा, निम्मंच' वाटणार आणि तुम्ही मागतील तेवढं देणार. असे पन्नास जण आले की झालं. अमेरिकेत बोईसी नावाच्या शहरात २०२०–२१ च्या सुमारास नेमकं हेच झालं, घरून काम करणारे लोक आले, घरांचे भाव भडकले आणि कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांवर स्थानिकांचा राग निघाला. पोर्तुगालने २००९ पासून बाहेरून येणाऱ्यांना टॅक्समध्ये घसघशीत सवलत दिली, माणसं आली, लिस्बनची भाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि २०२४ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंद झाली, मागून एक छोटी योजना ठेवली ती मोजक्या कामांसाठी. जे गाव आज बाहेरच्यांना टॅक्समध्ये सवलत देतंय तेच गाव मतं फिरली की तुमच्यासाठी वेगळा दर लावू शकतं. हा हिशोब भावनेचा नाही, हा त्याच्या शीटमधला धोक्याचा रकाना आहे.

पण राग धोरणावर आहे का माणसांवर, हे वेगळं करून बघायला हवं, आणि ते बातमीतून कळत नाही, तिथे जाऊनच कळतं. भाव वाढले म्हणून वैतागलेला शेजारी तुझ्या मुलीला शाळेत सोडायला मदत करू शकतो, मी असे पाहिलेत. तिसरा प्रकारही असतो, कायदा किंवा वातावरण थेट तुमच्या शरीरापर्यंत, धर्मापर्यंत, कोणाबरोबर राहता इथपर्यंत येतं. अमेरिकेत जून २०२२ च्या कोर्टाच्या निकालानंतर गर्भपाताचे नियम राज्याराज्यात इतके वेगळे झालेत की मूल हवं असलेली जोडपीसुद्धा कुठे राहायचं हे त्यावरून बघतात, गुंतागुंत झाली तर डॉक्टर काय करू शकेल म्हणून. तसलं काही तुझ्या मनात असेल आणि पत्रात लिहायला जड गेलं असेल तर मग शीट बंद कर आणि नको म्हण. तिथे बचतीचा आकडा मधे आणायचाच नाही, आणि नवऱ्याने 'पण पाच वर्षांत' असं वाक्य सुरू केलं तर ते पूर्णही होऊ देऊ नकोस.

तसं काही नसेल तर माझं मत विचारशील तर थेट नाही म्हणू नकोस, कारण पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालून आहात तिथे राहणं हाही एक निर्णयच आहे आणि तोही तुम्हाला आतून पोखरतोय. पण घर विकत घ्यायचं नाही म्हणजे नाही, निदान एक वर्ष. आधी भाड्याने. आणि त्याच्याही आधी आठवडाभर राहून या, सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या वारी. सासूबाईंना घेऊन जा. त्यांना कुठे न्यायचं, दवाखान्यात. गाडीने नाही, त्या कमी केलेल्या बसने. किती वेळ थांबावं लागतं, स्टॉपवर बसायला जागा आहे का, परत यायला शेवटची बस किती वाजता. सोबत नवऱ्याला पाठव, तू जाऊ नकोस. तू त्या दिवशी मुलीला घेऊन शाळा बघ आणि तुझ्या कामाच्या दोन-तीन ठिकाणी चौकशी कर.

संध्याकाळी तो परत आला की शीट उघडायला सांग आणि बसच्या ओळीत त्याला काय लिहायचंय ते त्यालाच लिहू दे.

– ताई